सीटला पडलेला खड्डा

ताई,

आठ महिन्यांपूर्वी माझे बाबा गेले. दुपारी फोनवर बोलले आणि रात्री नव्हते. मागे राहिली त्यांची १९६५ सालची फियाट ११००. अकरा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. निवृत्त झाल्यावर ती पुन्हा चालू करायची, असं त्यांच्या मनात होतं. मी सुट्टीत गेले की म्हणायचे, "या वेळी दोन दिवस जास्त राहा, आपण दोघं मिळून इंजिन उघडू." मी म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की." शेवटी त्यांनी एकट्यानंच कार्बोरेटर उतरवला. तो मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला.

आता आई माझ्याकडे असते आणि गाडीही मी ओढून माझ्या घरामागच्या शेडमध्ये आणली आहे. मला यातलं काही येत नव्हतं. व्हिडिओ बघत, एका म्हाताऱ्या मेकॅनिकना विचारत शिकतेय. रोज ऑफिस सुटलं की रात्री अकरापर्यंत मी शेडमध्ये असते. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला आईला शेजारी बसवून गाडी बाहेर काढणार, असं सगळ्यांसमोर बोलून बसलेय. चार महिने उरलेत आणि अर्धी गाडी खोक्यांत आहे. प्लगच्या वायरीसुद्धा मी खुणा न करताच ओढून काढल्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची वही मिळाली, पेट्रोल, किलोमीटर, प्रत्येक दुरुस्ती. दोन पानांपुढे वाचवली नाही.

मागच्या आठवड्यात मेकॅनिक म्हणाले, ड्रायव्हरची सीट पार बसलीये, सगळं काढून नवीन भरू. त्या सीटला बाबांच्या बसण्याचा खड्डा पडलाय. मी त्यांच्यावर ओरडले आणि सीट उचलून घरात आणून ठेवली. भाऊ म्हणतो, विकून टाक. तो शेडकडे फिरकतही नाही. नवरा म्हणतो, तू घरात असून नसतेस. आई काहीच म्हणत नाही. आणि ताई, मी अजून एकदाही नीट रडलेले नाही. मला वेड लागलंय का? गाडी पुरी करू की सोडून देऊ?

— पाना हातात घेऊन बसलेली

*

पानावाल्या बाई,

सीट फेकू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण तेवढं आधी सांगते, म्हणजे आज रात्री तुम्हाला झोप लागेल. मेकॅनिकना फोन करून ओरडल्याबद्दल माफी मागा आणि सांगा की सीट तुम्ही ठेवणार आहात. त्यांना कळेल. जुन्या गाड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला असा खड्डा पहिल्यांदा दिसलेला नसतो.

वेड वगैरे काही लागलेलं नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली आणि ती गाडी नव्हे. ती तारीख आहे. स्मृतिदिनाला गाडी बाहेर काढायची, हे कुणी मागितलं होतं? आईनं? तुम्हीच म्हणता, ती काही बोलत नाही. बाबांनी? त्यांनी तर निवांत दोन दिवस मागितले होते. तारीख तुम्हीच स्वतःवर लावून घेतलीत आणि आता तिच्या धाकानं रोज अकरापर्यंत खपताय. ज्यानं गृहपाठ केला नाही त्याला बाई उभं करतात ना वर्गाबाहेर, तशा तुम्ही त्या शेडमध्ये उभ्या आहात, असं मला वाचताना वाटलं.

तारीख रद्द करा. कमी-जास्त करू नका, रद्दच करा. जाहीर केली होतीत, तर तशीच जाहीरपणे मागे घ्या. एक वाक्य पुरतं: "गाडी होईल तेव्हा होईल."

हे मी फक्त तुमच्या मनासाठी सांगत नाही. साठ वर्षांच्या गाडीचं वेळापत्रक बाहेरून ठरत नसतं. दाराच्या खालच्या कडेला रुपयाएवढा फुगवटा दिसतो, तुम्ही टोचा मारता आणि तो आरपार जातो. आत कुणीतरी कधीकाळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला असतो. एक बोल्ट गंजून बसलेला असतो, जोर लावला की मान तुटते आणि दहा मिनिटांच्या कामाला तीन दिवस लागतात. यात कुणाचा दोष नसतो. पण मुदत असली की तिथे घाई होते, आणि घाईत माणूस नेमकं जे दिसत नाही ते सोडून देतो. रंग दिसतो, ब्रेक दिसत नाहीत. आईला शेजारी बसवायचंय म्हणता ना? मग बोलायलाच नको.

आता रडण्याचं. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात हे आजकाल कुणीही तोंडावर फेकतं, तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. त्या पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, पण त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्यामुळे तुमची कुठली पायरी चुकली याचा हिशेब करत बसू नका. रडणं हे काही भरायचं बिल नाही.

मला त्यापेक्षा दुसरी एक मांडणी तुमच्या कामाची वाटते. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये लिहिलं, की जवळचं माणूस गेलेला माणूस दोन कामांमध्ये येरझाऱ्या घालत असतो. एक काम गेलेल्याकडे तोंड करून: आठवण काढणं, रडणं, फोटो बघणं, राग येणं. दुसरं काम उरलेल्या जगण्याकडे तोंड करून: कागदपत्रं, नवी जबाबदारी, नवं काही शिकणं. या दुसऱ्या बाजूला त्यांनी इंग्रजीत जो शब्द वापरला तो आहे रिस्टोरेशन. गाडीवाल्यांचाच शब्द! वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. तुमच्या पत्रानंतर ते आठवलं. त्यांचं म्हणणं असं, की या दोन्हींपैकी एकाच बाजूला ठाण मांडून बसणं बरं नव्हे. इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहणं, हेच शोकाचं चालणं. मधूनमधून दोन्ही सोडून नुसतं पडून राहणंसुद्धा त्यात आलं.

तुमचं काय झालंय पाहा. गाडी ही दोन्ही बाजूंची वस्तू आहे. सीटचा खड्डा एका बाजूचा, कार्बोरेटरचं जेट साफ करणं दुसऱ्या बाजूचं. म्हणूनच ती तुम्हाला इतकी धरून ठेवते. पण तुम्ही तिचा उपयोग एकाच बाजूनं करताय. हात सतत चालू. बोल्ट, वॉशर, रॉकेल, ब्रश. वही मात्र दोन पानांवर बंद. हात थांबला तर काय होईल याची तुम्हाला भीती वाटते आणि म्हणून अकरा वाजतात. रात्री नऊला शेडचा दिवा बंद करा. आठवड्यातले तीन दिवस शेडला कुलूप. उरलेल्या वेळात काय करायचं? काहीच नाही. बसा. नवऱ्याशेजारी बसा. पहिले काही दिवस फार वाईट जातील, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि ते "पुढच्या वेळी नक्की". तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य ते आहे आणि तुम्ही ते चौथ्या-पाचव्या ओळीत घाईघाईनं लिहून पुढे सरकलात. हो, तुम्ही ते म्हणालात. तुम्ही राहिला असतात तर बरं झालं असतं. "अगं, त्यांना काही वाटलं नसेल," असं मी तुम्हाला म्हणणार नाही, कारण कदाचित वाटलंही असेल. मुलांनी न राहिलेले दोन दिवस आईवडिलांना लागतात थोडे. पण ते लागणं त्यांच्या आयुष्यात केवढं होतं, हे तुम्ही आज त्यांच्या मरणाच्या उजेडात बघताय, म्हणून ते डोंगराएवढं दिसतंय. ते दर वेळी पुन्हा विचारत होते, याचा अर्थ आधीच्या नकारानं ते रुसून बसले नव्हते. आणि मुख्य म्हणजे, ही चूक पत्र्याला वेल्डिंग करून भरून निघणारी नाही. गाडी आरशासारखी चमकली तरी ते दोन दिवस त्यात सापडणार नाहीत. हे आधीच माहीत असलं तर गाडी पुरी झाल्यावर पडणारी पोकळी तुम्हाला फसवणार नाही. अशी पोकळी पडते. ती पडलेली मी पाहिली आहे.

माझ्याच घरात पाहिली आहे. माझ्या वडिलांचा वॉल्व्हचा रेडिओ होता. लाकडी पेटी, वर उजव्या कोपऱ्यात कपाचा पांढरट गोल डाग, कारण ते बातम्या ऐकताना कप तिथेच ठेवत. आई वर्षानुवर्षं ओरडायची, ते वर्षानुवर्षं तिथेच ठेवायचे. ते गेल्यावर मी तो रेडिओ एका कारागिराकडे दिला आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "अगदी नव्यासारखा करा." त्यानं केला. आतला आवाज सुधारलाच, पण पेटी घासून, पॉलिश करून, कापडाची जाळी बदलून असा आणून दिला की दुकानातून आत्ता आणलाय. मी तो टेबलावर ठेवला, उजव्या कोपऱ्यावर हात फिरवला. गुळगुळीत. त्या माणसाची चूक नव्हती, मी सांगितलं ते त्यानं केलं. मी त्याला पैसे दिले, दार लावलं आणि तिथेच खाली बसले. वडील गेल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

म्हणून तुमच्या मेकॅनिकना तुम्ही ओरडलात ते मला फार आवडलं, हेही सांगून टाकते.

जुन्या गाड्यांच्या जगात यावर बराच विचार झालेला आहे. फिवा नावाची ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे. तिची तुरिन सनद नावाची एक आचारसंहिता आहे आणि तिचा रोख असा, की गाडी जपणं, टिकवणं आणि पुनर्बांधणी करणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आधी आहे ते जपा, मग बिघाड थांबवा, आणि अगदी गरज असेल तिथेच नवं करा. वापरानं वस्तूवर जे उमटतं तोही तिचा इतिहास असतो. "नव्यासारखी" हा शब्द आपल्या डोक्यात इतका बसलाय, की दुसरा काही पर्याय असतो हेच सुचत नाही. तुम्हाला कारखान्यातून निघालेली १९६५ ची गाडी हवीय का? तशी तर बाबांकडे फक्त पहिल्या दिवशी होती. तुम्हाला ज्या गाडीची आठवण येते ती त्यांनी वापरलेली गाडी आहे.

तेव्हा एका रविवारी वही-पेन घेऊन गाडीभोवती फिरा, पाना घरात ठेवून. बाबांचा हात जिथे जिथे लागला ते लिहा. स्टेअरिंगचा वरचा भाग, जिथे झळाळी गेली असेल. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, त्याची मूठ. चोकचं बटण. दाराच्या आतली कड, जिथे कोपर टेकायचं. त्यांनी स्वतः केलेली एखादी जुगाडी दुरुस्ती, तारेनं बांधलेलं काहीतरी. ते धोक्याचं नसेल तर तसंच राहू दे. या गोष्टींवर एक रंगीत दोरा बांधा आणि मेकॅनिकना सांगा, दोरा बांधलेल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

सीटबद्दल त्यांच्याशी असं बोला. कव्हर वरून उसवू नका. सीट उलटी करा. अशा जुन्या सीटमध्ये खाली चौकट, त्यावर स्प्रिंगा, त्यावर तागाचं कापड किंवा तसाच जाड थर, त्यावर भरण आणि वर कव्हर असतं. बहुतेक वेळा बसलेली असते ती खालची बाजू: स्प्रिंगा तुटलेल्या किंवा चौकटीवरून सुटलेल्या, ताग फाटून स्प्रिंगांत घुसलेला. खालून तेवढंच दुरुस्त करता येतं. वरचं भरण आणि कव्हर तेच राहतं, उसवलेल्या शिवणी त्याच भोकांतून पुन्हा घालता येतात. मात्र एक ऐका: स्प्रिंगा नीट झाल्या की खड्डा थोडा भरून येईल. पूर्ण नाही, थोडा. आणि तुम्ही चालवायला लागलात की तुमच्या वजनानं त्याचा आकार हळूहळू बदलेल. ते चालणार नसेल तर सीट तशीच घरात ठेवा आणि गाडीत दुसरी बसवा. यात बरोबर-चूक काही नाही. मी असते तर बसवली असती. पण मी रेडिओ घासून आणणारी बाई आहे, माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

दोऱ्याची मुभा जिथे बिलकुल नाही, ते आता. इथे भावनेला जागा नाही आणि मी जरा कडक बोलणार आहे.

ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलची एकच लाइन. कुठेही एक रबर फुटलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. अकरा वर्षं उभ्या गाडीत त्या पाण्यानं व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकाशी ब्रेक दाबणाऱ्या छोट्या नळ्या, आतून गंजलेले असणार. मास्टर सिलिंडर (पायाखालच्या पेडलनं ऑइल ढकलणारा) आणि व्हील सिलिंडर उघडून तपासायचे, सगळी रबरं आणि लवचीक पाइप नवे, धातूच्या नळ्या गंजल्या असतील तर त्याही. बाबांनी बसवलेले असले तरी. ड्रम उघडलात की आतली धूळ फुंकू नका, हवेचा पाइप लावू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की राहते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका, मास्क चांगला लावा. तीच गोष्ट जुन्या रंगाची: त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला आणि कोरडा घासू नका. आई त्याच घरात राहते, शेडमधले कपडे तसेच आत नेऊ नका.

टायरवर नक्षी कितीही छान दिसो, बाजूला लंबगोलात चार आकडे बघा. २३१२ असेल तर २०१२ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. गाडी अकरा वर्षं उभी आहे म्हणजे आकडा काहीही निघाला तरी टायर बदलायचेच आहेत, पण बघा एकदा. बाबांनी ते कधी घेतले ते कळेल.

पेट्रोलच्या टाकीतलं जे काही उरलं असेल ते पेट्रोल म्हणू नका. त्यातला हलका भाग उडून गेलेला असतो आणि मागे चिकट राळ राहते. टाकी उतरवून साफ करा, रबरी पाइप सगळे बदला आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असेच घ्या. जुनं रबर त्यात विरघळल्यासारखं होतं. वायरिंगचं वेष्टण वाळून तडकलेलं असेल, उंदरांनी कुरतडलं असेल. पेट्रोल आणि ठिणगी एकाच जागी येऊ देऊ नका. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. स्टँड लावा, मग गाडी हलवून बघा, मग खाली शिरा. रात्री एकटीनं तर नाहीच. हे मी नवऱ्याच्या वतीनं लिहितेय असं समजा.

इंजिन लगेच स्टार्टरनं फिरवायचा मोह होईल. थांबा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग गिअर न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हातानं हळू फिरवा. अडलं तर जोर नाही, पुन्हा तेल, पुन्हा वाट. अवघ्या १०८९ सीसीचं इंजिन आहे, पण अडकलेल्या पिस्टन रिंगवर ताकद लावलीत तर तुटेल आणि तुम्ही स्वतःला आणखी एका गोष्टीसाठी बोल लावाल. जेव्हा सुटतं ना, तेव्हा हाताला कळतं: पाना आधी भिंतीला टेकल्यासारखा, मग घट्ट काहीतरी ढवळल्यासारखा, आणि मग प्लगच्या भोकांतून हलकेच फुस्स असा श्वास. त्या क्षणी शेजारी कुणीतरी असावं असं मला वाटतं. आईला खुर्ची टाकून बसवा. तिला काही सांगू नका, नुसती बसवा.

आईशी बोलायला हवंच तुम्ही. तुम्ही तिला शेजारी बसवायचं ठरवलंत, पण तिला त्या गाडीत बसायचंय का? असेलही. किंवा ती गाडी म्हणजे तिच्यासाठी नवऱ्यानं सुट्टीचे दिवस बोनेटखाली घालवल्याची आठवण असेल. एकाच माणसाबरोबर दोघी राहिलात, पण एकाच गाडीत बसला होतात असं नाही. विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

भावाचं. तो "विकून टाक" म्हणतो यावरून त्याला दुःख नाही असं धरू नका. तुम्हाला गाडीपासून लांब जाता येत नाही, त्याला जवळ येता येत नाही. विकली म्हणजे ती दिसणार नाही, एवढंच कदाचित त्याचं गणित आहे. पण एक व्यवहाराची बाजू आहे आणि ती टाळू नका: गाडी बाबांच्या नावावर होती, म्हणजे ती आता तुमच्या एकटीची नाही. नोंदणी कुणाच्या नावावर करायची, विमा, खर्च कोण करणार, पुढे विकली तर पैसे कसे, हे आई आणि भावाबरोबर बसून कागदावर लिहा. कार्बोरेटरवरून तुटलेली भावंडं कमी असतात, न बोललेल्या कागदांवरून तुटलेली खूप. हे झालं की मग त्याला वही दाखवा. शेडमध्ये बोलावू नका, वही घेऊन त्याच्याकडे जा.

त्या वहीचं काय करायचं तेही सांगते. ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर तिसऱ्या पानावर पुन्हा अडाल. ज्या दिवशी जे काम, त्या दिवशी त्याच कामाची नोंद शोधा. क्लच करताय? मग क्लच कुठे लिहिलाय ते पान. ब्रेक करताय, ब्रेकचं पान. त्यांनी ती वही बहुधा त्यासाठीच लिहिली असणार: पुढच्या वेळी बोनेट उघडणाऱ्याला कळावं म्हणून. पुढच्या वेळी बोनेट उघडणाऱ्या तुम्ही आहात. त्यांची शेवटची नोंद असेल तिच्याखाली रेघ न मारता, पान न सोडता, तुमची तारीख घाला आणि तुमच्या अक्षरात लिहा: व्हील सिलिंडर बदलले. एवढंच. वहीत हुंदके लिहायचे नाहीत, त्यांनी लिहिले नव्हते. आणि बाबांची एखादी चूक सापडली, उलटा बसवलेला वॉशर, गरजेपेक्षा दुप्पट आवळलेला बोल्ट, तर मोठ्यानं चिडा त्यांच्यावर. वडील गेले की आपण त्यांना एकदम फोटोत बसवतो, भांडायला माणूस उरत नाही. बोनेटखाली अजून भांडता येतं.

एक गंभीर गोष्ट, थोडक्यात. आठ महिन्यांत माणूस सावरतोच असं नाही आणि सावरलं नाही म्हणून तो आजारी ठरत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात लांबलेला शोक ही वेगळी अवस्था मानली आहे. किमान सहा महिने उलटूनही ओढ किंवा वेदना तशीच तीव्र राहते आणि रोजचं जगणं कोलमडतं, तेव्हा. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात, २०२२ च्या आवृत्तीत, मोठ्या माणसांसाठी हीच मुदत बारा महिने आहे. कॅलेंडर बघून स्वतःला शिक्का मारायचा नाही. पण झोप उडाली असेल, ऑफिसचं काम हातून निसटत असेल, सगळं बधिर वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. शेवटची गोष्ट मनात येत असेल तर स्मृतिदिनाची वाट न बघता आजच. इंजिन अडकलं की तुम्ही मेकॅनिकना विचारता, त्यात कमीपणा वाटला नाही ना?

आणि शेवटी, सोडून देऊ का, हा तुमचा प्रश्न. सोडून देता येईल. सहा महिन्यांनी, वर्षानं, ब्रेक झाल्यावर आणि रंगाच्या आधी, केव्हाही. सुटे भाग खुणा करून खोक्यांत नीट ठेवलेले असले तर अर्धी उघडलेली गाडीही दुसऱ्या जाणकाराच्या हाती देता येते. म्हणून प्रत्येक खोक्यावर आत्ताच चिठ्ठी लावा. तुम्ही विकलीत तर बाबा विकले असं होत नाही. फक्त दमून, रागानं, एखाद्या वाईट रात्री विकू नका. आणि विकलीत तर वही ठेवून घ्या. सीटही.

तुमची,
ताई

ता. क. प्लगच्या वायरी खुणा न करता काढल्याबद्दल इतकं वाईट वाटून घेऊ नका, हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतं. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर. तिथला प्लग काढून भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुलीच्या नटवरून इंजिन हळूहळू फिरवायला सांगा. अंगठा आतून ढकलला गेला की पिस्टन दाब देत वर येतोय. पुलीवरची खूण जुळेपर्यंत आणखी थोडं फिरवा आणि थांबा. आता डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडा. रोटरचं तोंड जिकडे आहे तिथली वायर एक नंबरच्या प्लगची. रोटर कुठल्या दिशेनं फिरतो ते बघा आणि त्याच दिशेनं पुढच्या वायरी सिलिंडरच्या या क्रमानं लावत जा: १-३-४-२. या कामाला दोन माणसं लागतात. अंगठा धरायला भावाला बोलवा.